थोरलीची तक्रार

माझ्या गोष्टींतला निम्मा भाग लोक ऐकतानाच वजा करतात, हे मला ठाऊक आहे. समुद्रातून पोहत आलेल्या माडाची गोष्ट सांगितली तेव्हा तर लोकांनी आख्खा माडच वजा केला. याही गोष्टीतला हवा तो निम्मा भाग गाळा, माझी हरकत नाही. फक्त हत्तिणीचा गाळू नका. तेवढाच भाग मी रचलेला नाही.

आमची भोमवाडी तिलारीच्या धरणामागे, डोंगराच्या पोटाशी आहे. सुपारीच्या बागा, जांभ्याची घरं, आणि अलीकडच्या वर्षांत घाट उतरून आलेले हत्ती. माझ्या शेजारी भिवा गवस राहतो. त्याची मुलगी कस्तुरी पुण्याला शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि घरून काम करता येतं म्हणून परत आली. दिवसा ती संगणकावर पोटापाण्याचा कोड लिहायची आणि संध्याकाळी फुकटचा. त्या फुकटच्या कोडचं नाव भूनाद.

फुकटचा म्हणजे काय, हे गावाला समजावताना मी देवळातल्या भांड्यांचं उदाहरण देत असे. आमच्या देवळात गावजेवणाचे मोठाले टोप आहेत. लग्न असो, बारसं असो, ज्याला हवे त्याने न्यावेत, घासून परत आणावेत. कुणाला टोपाला चीर दिसली तर त्याने सांगायचं, जमत असेल तर झाळून द्यायचं. टोप कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांचं त्यावर लक्ष. भूनादचा कोड तसाच जगभर उघड्यावर मांडलेला. कुणीही वाचावा, वापरावा. चूक दिसली तर तक्रार नोंदवावी. दुरुस्ती सुचली तर पाठवावी. जुनीजाणती मंडळी ती तपासतात आणि पटली तर मूळ कोडात मिसळतात. मग दुरुस्ती करणाऱ्याचं नाव सहयोग्यांच्या यादीत चढतं. मोबदला एवढाच. त्यासाठी माणसं झोप सोडतात, हे मी कस्तुरीच्या डोळ्यांखाली पाहिलं आहे.

भूनाद करायचा काय, तर हत्तींचं बोलणं पकडायचा. हत्ती चीत्कारतो ते आपण ऐकतो, पण त्याचा खरा संसार त्याच्या खालच्या पट्टीत चालतो. आपला कान जिथे हात टेकतो त्याच्याही खाली हत्ती घुमतात. ते घुमणं हवेतून कोसभर जातं आणि जमिनीतून त्याहूनही लांब. दुसरा हत्ती ते पायांनी ऐकतो. त्याच्या तळव्यात चरबीची गादी असते. ती जमिनीची थरथर उचलते आणि हाडांच्या वाटेने कानापर्यंत पोचवते. चालता चालता हत्तीण थबकते, एक पाय अर्धवट उचलून भार बाकीच्या तिघांवर टाकते, आणि आपल्याला वाटतं दमली बिचारी. ती फोनवर असते.

भूनादच्या लोकांनी जागोजागी जमिनीत ऐकणाऱ्या खुंट्या पुरल्या. हत्ती काय म्हणतो हे कुणालाच कळत नाही. पण तो म्हणाल्यावर बाकीचे काय करतात ते दिसतं. अमुक घुमार झाला की कळप पांगतो, तमुक झाला की पिल्लं आईच्या पोटाखाली शिरतात. असे लाखो घुमार आणि त्यापुढच्या लाखो हालचाली यंत्राला दाखवल्या, तेव्हा कुठला घुमार कशासाठी याचा त्याला अंदाज येऊ लागला. आणि ज्याला ऐकता येतं त्याला कधी ना कधी बोलावंसं वाटतंच. लोखंडाची एक जाड पट्टी जमिनीत बसवायची, खालून मोटर तिला धडका देणार, आणि हत्तीच्या भाषेत जमीन बोलणार. दिसायला ती जेवायला बसायच्या पाटासारखी, म्हणून गावात तिचं नाव पाटच पडलं.

देशातला असा पहिला पाट बसला तो भिवाच्या सुपारीत, ओढ्याच्या कडेला. भिवाला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण पुढे पोरीचं नाव परदेशच्या लोकांबरोबर यादीत चढलं तेव्हा ते त्याने दोडामार्गच्या बाजारात मासळीवालीलासुद्धा सांगून टाकलं. पाट म्हणणार होता, ‘इथून निघा.’ हा घुमार श्रीलंकेतल्या कळपांकडून शिकलेला होता आणि तिथे त्याने कितीतरी बागा वाचवल्या होत्या.

आमच्याकडे उलटंच झालं. पूर्वी कळप वर्षातून दोनदा यायचा, चार केळी ओरबाडायचा आणि जायचा. पाट बसल्यावर तो येतच राहिला. पुढे एक म्हातारी हत्तीण, कानाची कड फाटलेली. तिला आम्ही थोरली म्हणायचो. ती यायची ती थेट भिवाच्या बागेत, आणि पाटाभोवतीच्या सुपाऱ्या एकेक करून उपटून बाजूला ठेवायची. खायची काही नाही. शेजारी केळीचा घड लोंबत असला तरी त्याला सोंड लावायची नाही. पुढच्या पायांनी माती उकरायची, थांबायची, पुन्हा उकरायची. बापाने लावलेली बाग भिवाने वाढवली होती. तिच्यात आता मधोमध टक्कल पडलं.

कस्तुरी म्हणायची, यंत्र अजून शिकतंय. भिवा म्हणायचा, माझ्या बागेत शिकतंय. पुढे दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि चहा झाल्याचा निरोपसुद्धा माझ्यामार्फत जाऊ लागला. शेवटी गावाने वनखात्याकडे अर्ज केला की ही हत्तीण पकडून न्यावी. पहिली सही भिवाची होती. अर्ज मंजूर झाला. शिकवलेले हत्ती आणि गुंगीच्या सुयांची बंदूक घेऊन पथक येणार, थोरलीला बांधून दूरच्या छावणीत नेणार आणि उरलेलं आयुष्य ती साखळीला राहणार. तिच्यामागचा कळप कुणाच्या मागे जाणार, हे अर्जात कुणी लिहिलं नव्हतं.

इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. श्रीलंकेतल्या निलूका नावाच्या बाई भूनादच्या मुख्य जाणत्या. त्यांनी बऱ्याच महिन्यांपूर्वी एक बारीकशी तक्रार नोंदवली होती. भोमवाडीच्या ध्वनिफितींत भोकं आहेत, पाट बोलला की त्यापाठोपाठ थोडा वेळ निव्वळ शांतता असते, असं का? कस्तुरीने उत्तर दिलं होतं की ते तसंच अपेक्षित आहे, आणि तक्रार बंद केली होती.

त्यात खोटं काही नव्हतं. पाट बोलला की त्याचाच आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, आणि यंत्राला वाटायचं हत्ती बोलला. म्हणून कस्तुरीने एक चाळण लिहिली होती. पाटाच्या बोलण्यानंतर लगेच त्याच्यासारखंच काही ऐकू आलं तर तो प्रतिध्वनी समजायचा आणि टाकून द्यायचा. हीच तिची भूनादमधली पहिली दुरुस्ती. हिच्यामुळेच तिचं नाव यादीत चढलं होतं आणि मासळीवालीपर्यंत गेलं होतं. पहिलं मूल आणि पहिली दुरुस्ती यांत दोष आहे असं कुणी म्हटलं, तर आधी म्हणणाऱ्याचाच राग येतो.

पथक निघाल्याची बातमी आली त्या दिवशी कस्तुरीने ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली आणि आपल्या हाताने आपली चाळण बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीत येऊन बसली. माझ्या गोष्टी ऐकताना ती जसं तोंड करायची, तसंच तोंड आज तिने स्वतःच्या तोंडून निघणाऱ्या गोष्टीला केलं होतं. प्रतिध्वनी दर वेळी सारखाच यायला हवा, हा मात्र कधी उशिरा येतो, कधी दोनदा येतो, म्हणाली. आणि संध्याकाळी मला घेऊन ओढ्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर चढली. या वयात मी टाकीवर कसा चढलो, हा भाग गाळलात तरी चालेल.

उन्हं कलली होती. पाट बोलला. ऐकू काहीच आलं नाही. माझ्या तांब्यातलं पाणी मात्र शहारलं. कस्तुरीच्या मांडीवरच्या पडद्यावर एक रेघ उमटली, वर चढत जाणारी आणि शेवटी अचानक तुटलेली. बांबूच्या बेटातून थोरली बाहेर आली. मागे कळप आणि एक धिटुकलं पिल्लू. ती पाटाशी आली, उभी राहिली, आणि पडद्यावर दुसरी रेघ उमटली. पहिलीसारखीच. तुटलेल्या टोकासकट.

मग तिने काय केलं ते सांगतो. पिल्लाला सोंडेने ढकलत नेऊन तिने ओढ्यालगतच्या कोरड्या खड्ड्यात उतरवलं आणि स्वतः चार पावलं मागे सरली. पिल्लाला वर येता येईना. ते घाबरलं आणि घुमलं. तिसरी रेघ उमटली. तीही तशीच, टोकाला तुटलेली. कळपातल्या सगळ्या हत्तिणी खड्ड्याकडे धावल्या. थोरलीने पिल्लाला वर ओढून काढलं, पाटाकडे तोंड केलं आणि वेगळा घुमार दिला. सुरुवात तीच, पण शेपूट वर न चढता खाली उतरलेली, लांबच लांब ओढलेली. तो संपायच्या आत सगळा कळप वळला आणि चालत बांबूत निघून गेला. थोरली एकटी उभी राहिली. पाटाकडे पाहत. थोड्या वेळाने तिने कळपाला परत बोलावलं, आणि पिल्लाला पुन्हा त्याच खड्ड्याकडे ढकलू लागली.

भूनादमध्ये तक्रार नोंदवायची एक ठरलेली रीत आहे. तुम्ही काय म्हणालात, त्यातून काय घडलं, काय घडायला हवं होतं, आणि हे पुन्हा करून दाखवता येतं का. कस्तुरीनेच मला ती कधीतरी सांगितली होती. माझ्या डोक्यात ती रीत आणि समोरची हत्तीण एकमेकांवर बसायला वेळ लागला. कस्तुरीला नाही लागला.

“तात्या,” ती हळूच म्हणाली, “ती तक्रार नोंदवतेय. आजच नाही, वर्षभर नोंदवतेय. आणि मी ती दर वेळी कचरा म्हणून फेकून दिली.”

मी तिच्यापुढे तांब्या सरकवला.

पुढचा उलगडा तिने आणि निलूकाबाईंनी मिळून केला. घोटाळा आमच्या जांभ्यात होता. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. जाड, खालचे स्वर तो जाऊ देतो आणि वरचे गिळून टाकतो. श्रीलंकेच्या मातीतून ‘इथून निघा’ हा घुमार पुरता जायचा. आमच्याकडे त्याची वर चढणारी शेपूट दगडात जिरायची आणि उरायचं ते डोकं. शेपटीशिवायचं ते डोकं म्हणजे अडकलेल्या पिल्लाची हाक. आमचा पाट वर्षभर ओरडत होता की मी इथे पुरला गेलोय, मला काढा. म्हणून थोरली येत होती. सुपाऱ्या बाजूला करत होती, माती उकरत होती, केळीकडे बघत नव्हती. खाली पोर नाही, लोखंड आहे हे कळल्यावर दुसरं कुणी असतं तर त्या लोखंडाचा चुरा केला असता. तिने ठरवलं की याला नीट बोलता येत नाही, शिकवू या. घाट उतरल्यापासून ती याच जांभ्यावर वावरली होती. या दगडातून शब्द न्यायचा तर शेपूट खालच्या स्वरात धरून ओढावी लागते, हे तिला माहीत होतं.

कस्तुरीने तक्रार नोंदवली. वर्णन लिहिलं, ध्वनिफिती जोडल्या, दुरुस्ती जोडली. तक्रारदार या जागेवर लिहिलं: थोरली, भोमवाडी. दुरुस्ती सुचवणार या जागेवरही तेच. स्वतःचं नाव तिने खाली टाकलं, टंकलेखन करणार म्हणून.

जगभर गलका झाला. कुणी डोळे पुसले, कुणी थट्टा केली. दूर उत्तरेकडच्या एका कायदेपंडिताने आक्षेप घेतला की सहयोग्याने ‘हे काम माझं आहे आणि मी ते सर्वांसाठी मुक्त करतो’ असं कबूल करावं लागतं, ते हत्तीण कसं करणार? निलूकाबाईंनी त्याला शांतपणे लिहिलं की आपला नियम ‘जो कोणी’ असं म्हणतो, पुढे माणूस हा शब्द कुणी घातलेला मला सापडला नाही. आणि मुक्त करण्याबद्दल म्हणाल, तर तिने ते वर्षभर रोज, कुणी ऐकत नसताना, दिलेलं आहे. पण दुसरा एक नियम त्यांनी सोडला नाही. तक्रार बंद करायची तर दुरुस्ती बरोबर असल्याची खात्री खुद्द तक्रारदाराने करायला हवी. म्हणजे थोरलीने.

तेवढ्यात इकडे भिवाने पंपघरातून आलेली पाटाची वायर उपटली आणि पंपघराला कुलूप घातलं. पोरीच्या यंत्रानेच हत्ती आणले हे त्याला केव्हाच दिसलं होतं, तिच्याखातर तो आजवर गावापुढे गप्प होता. थोरली त्या संध्याकाळीही आली. पाट मुका होता तरी त्याच्यापुढे उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने परत गेली. तक्रार देणारा उत्तराची वाट बघतो तशी.

पथक शाळेच्या मैदानावर उतरलं. त्यांचे मोहिते साहेब समंजस गृहस्थ. सकाळी पकडायचं ठरलं होतं. कस्तुरीचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले की हाक मारल्यावर ती परत जाते असं माझ्या डोळ्यांनी दिसलं, तर पकडायला कारण उरत नाही, आणि तसं मी वर कळवीन. आजची संध्याकाळ तुमची.

पंपघराची किल्ली भिवाच्या कंबरेला होती. तो उपटलेल्या सुपारीच्या बुंध्यावर पाठमोरा बसलेला. कस्तुरी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. एवढ्या महिन्यांत माझ्यामार्फत न गेलेलं त्यांचं पहिलं बोलणं ते.

“बाबा, ती बाग खावक इल्ली नाय.”

“मगे कित्याक इल्ली?” तो वर न बघता म्हणाला.

“आमचो पाट रडत होतो. पोर गाडला गेल्यासारखो. ता काढूक इल्ली.”

भिवाने समोरच्या टकलाकडे पाहिलं. एकेक सुपारी कशी मुळासकट उचलून ओळीने बाजूला ठेवली होती, एकही तुडवलेली नव्हती. वर्षभर तो ते बघत होता. आता त्याला ते दिसलं. त्याने कंबरेची किल्ली सोडली.

“सगळा फुकट नाय गेला म्हणायचा,” तो म्हणाला, आणि वायर जोडायला स्वतःच उठला.

संध्याकाळी बांधावर आम्ही चौघं. भिवा, कस्तुरी, मोहिते साहेब आणि मी. कस्तुरीच्या पडद्याच्या कोपऱ्यात जगभरची माणसं जागी होती, कुठे पहाट, कुठे दुपार. मोहिते साहेबांनी बंदूकवाल्याला मागे उभं केलं होतं, पण उभं केलं होतं.

थोरली बांबूतून बाहेर आली. कळप मागोमाग. पाट बोलला. या वेळी तिच्या शब्दांत, शेपूट खाली ओढून.

ती थांबली. एक पाय उचलला. कान ताठ झाले. मागचा कळप क्षणभर रेंगाळला, मग वळला आणि पिल्लासकट निघून गेला. थोरली मात्र वळली नाही. सरळ पाटाकडे चालत आली. बंदूकवाला पुढे सरकला. साहेबांनी हात आडवा धरला.

तिने पाटावर पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर आपण हात ठेवतो तसा. मग तोच घुमार तिने पाटाला परत म्हणून दाखवला, एकदाच. पडद्यावरच्या दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या तर एकच दिसेल अशा. ना चुकीच्या हाकेची नक्कल, ना खड्डा, ना पुन्हा सुरुवात. बरोबर आलं की गुरुजी पाटी परत देतात, तसं काहीतरी. आणि ती कळपामागे चालू लागली.

मोहिते साहेबांनी टोपी काढली. कुणासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग फोन काढून ट्रक परत फिरवायला सांगितले. कस्तुरीने लिहिलं: तक्रारदाराने खात्री केली आहे. आणि तक्रार बंद केली. दुसऱ्या दिवशी सहयोग्यांच्या यादीत तिच्या नावाखाली नवं नाव आलं. थोरली, भोमवाडी. आज जांभ्याच्या मुलखात जिथे जिथे पाट आहेत, तिथे ते तिच्याच उच्चाराने बोलतात.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्यानंतर बांबूच्या बाजूने संध्याकाळी एक घुमार यायला लागला. छोटासा, आधी कधीच न नोंदलेला. यंत्राला त्याचा अर्थ लागेना. तो आल्यावर एकही हत्ती काहीच करत नव्हता. निलूकाबाईंनी कळवलं की ज्या घुमाराने कळपातला एकच हत्ती मान वळवतो तो घुमार म्हणजे त्याचं नाव असतं, तेव्हा कोण मान वळवतंय ते बघ. कस्तुरीने बघितलं. कुणीच वळवत नव्हतं. मधे ती कामासाठी पुण्याला गेली तेव्हा घुमार बंद होता. परत आली, पुन्हा सुरू झाला. खुंटी बिघडली असणार, म्हणाली, आणि बागेत बसून ती उकलायला लागली.

भिवा नव्या रोपांना पाणी लावत होता. अनवाणी, ओल्या जांभ्यावर. एकाएकी तो थांबला, आणि नकळत एक पाय अर्धवट उचलून उभा राहिला.

“हत्तींत कित्याक शोधतंस,” तो म्हणाला. “तुका हाक मारता गो ती.”

कस्तुरीच्या हातातला पाना तसाच राहिला. तिने मान वळवली.

बांबूच्या कडेला थोरली उभी होती. मान वळलेली बघून तिने कान एकदा हलवले आणि आत गेली.

त्यांची यादी कुठे असते, कशी लिहितात, मला माहीत नाही. पण तीत आमच्या कस्तुरीचं नाव आहे. तुम्हाला हा भाग गाळायचा असेल तर खुशाल गाळा. त्याआधी एखाद्या संध्याकाळी भोमवाडीला या आणि चपला माझ्या पडवीत काढून ठेवा.